मुलीच्या छातीतली गाठ आणि मावशीची गोळी

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यातून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या ४२ वर्षांच्या थोरल्या बहिणीचे गेल्या वर्षी नागपुरात स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. त्यानंतर केमोथेरपी झाली, आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात ते रेडिएशन झाले, आणि आता रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे घ्यायला सांगितली आहे. रिपोर्टवर ‘ई.आर. पॉझिटिव्ह, पी.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह’ असे लिहिलेले आहे. त्यातून घरच्यांना ‘हा हार्मोनवर वाढणारा कॅन्सर आहे’ एवढेच कळले. गोळीने अंगाची आग होते आणि पाळी बिघडली, म्हणून बहिणीने दोन महिन्यांपासून ती बंद केली आहे. अशातच पत्रलेखिकेच्या ११ वर्षांच्या मुलीच्या डाव्या स्तनाग्राखाली एक कडक, दुखरी गाठ हाताला लागली. सासूबाई म्हणाल्या, ‘मावशीचं रगत हाय, पोरीले बी थेच होईन.’ तालुक्याच्या एका दवाखान्यात ‘लहानशी गाठ आहे, काढून टाकू’ असा सल्ला मिळाला. पत्राच्या शेवटी त्या विचारतात : ‘बहिणीचा कॅन्सर हार्मोनने वाढला म्हणतात. तेच हार्मोन आता माझ्या मुलीच्या अंगात सुरू झाले असतील, तर तिलाही धोका आहे का? आणि हार्मोन सगळ्याच बायांच्या अंगात असतात, तर मग कॅन्सर बहिणीलाच का झाला?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील दोन गोष्टी तातडीच्या आहेत, म्हणून त्या आधी सांगते. मुलीच्या त्या गाठीला कोणालाही सुरी लावू देऊ नका आणि सुईने तपासणीसाठी तुकडाही काढू देऊ नका. आणि बहिणीची बंद पडलेली गोळी पुन्हा सुरू करण्यासाठी नागपूरच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोलणे करून द्या. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटतो, कारण या दोन्ही गोष्टी तशाच का करायच्या याचे उत्तर त्यातच आहे.

मुलीपासून सुरुवात करते. ११ व्या वर्षी स्तनाग्राच्या अगदी मागे लागणारी, चपटी, बोटाखाली थोडी हलणारी आणि दाबल्यावर दुखणारी गाठ म्हणजे वाढीला लागलेला स्तनच होय. मुलींमध्ये ही वाढ ८ ते १३ या वयात कधीही सुरू होते आणि अनेकदा ती एकाच बाजूला आधी दिसते. दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. त्या काळात फ्रॉकचे कापड घासले, शाळेत खेळताना धक्का लागला, पालथे झोपले, तरी दुखते. पहिली पाळी साधारणपणे यानंतर दोन ते अडीच वर्षांनी येते. या वयात स्तनाचा कॅन्सर इतका विरळा आहे की अशी गाठ लागल्यावर तो विचार मनात आणण्याचे कारण नाही.

ती का कापायची नाही, हे नीट समजून घ्या. पुढे स्तनात ज्या दुग्धनलिका आणि दूध तयार करणारे जे कोश असतील, ते सगळे याच लहानशा भागातून फुटून वाढायचे असतात. तो काढला तर त्या बाजूचा स्तन आयुष्यभर वाढत नाही, आणि अशी प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. गाठ स्तनाग्रापासून दूर असेल, वरची कातडी लाल आणि गरम झाली असेल, ताप किंवा पू असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, किंवा वाढ ८ वर्षांच्या आधीच सुरू झाली असेल, तर मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे; शंका उरलीच तर सोनोग्राफी पुरते. तुमच्या पत्रात यांपैकी एकही लक्षण नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. त्यासाठी स्तन घडतो कसा हे थोडे तपशिलाने सांगावे लागेल.

स्तनाची सुरुवात मूल आईच्या पोटात असतानाच होते. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना काखेपासून जांघेपर्यंत कातडीचा एक उंचवटा दोन्ही बाजूंना तयार होतो आणि पुढे छातीवरचा भाग सोडून बाकीचा विरून जातो. छातीवर राहिलेल्या त्या ठिपक्यातील पेशी स्वतःच्या बळावर काहीच घडवू शकत नाहीत. त्या एक प्रथिन बाहेर सोडतात, खालच्या थरातील पेशी आपल्या पृष्ठभागावरील रिसेप्टरने ते ओळखतात, मग त्या उलट संकेत पाठवतात, आणि या देवाणघेवाणीतून स्तनाग्र आणि पहिल्या काही नलिका आकार घेतात. रिसेप्टर म्हणजे एका विशिष्ट संकेतासाठीच घडवलेले प्रथिन. ते ज्या पेशीत असेल तिलाच तो संकेत कळतो. एका अत्यंत दुर्मीळ जन्मजात आजारात यांपैकी एक रिसेप्टर काम करत नाही, आणि त्या बाळांच्या छातीवर स्तन आणि स्तनाग्रे तयारच होत नाहीत. एका संकेतावर सगळी रचना कशी अवलंबून असते ते यावरून ध्यानात येईल.

जाता जाता सांगते : नवजात बाळाच्या, मग तो मुलगा असो वा मुलगी, छातीला थोडी सूज येऊन दुधासारखा थेंब दिसतो, तोही आईच्या संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, संकेतामुळेच. तो आपोआप थांबतो. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालताना तो पिळून काढण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. त्याने जंतुसंसर्ग होऊन पू होतो, म्हणून ती रीत बंद करायला हवी.

जन्मानंतर कितीतरी वर्षे या नलिका जवळजवळ तशाच राहतात. वयात येताना मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा इशारा मिळून अंडाशये इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करू लागतात, आणि इथे ती गोष्ट घडते जी मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. नलिकांच्या आतल्या अस्तरात सगळ्याच पेशींना इस्ट्रोजेन कळत नाही; ज्यांच्यात त्याचा रिसेप्टर आहे अशा काही थोड्या पेशींनाच ते कळते. आणि निरोगी स्तनात ज्या पेशीला हा निरोप मिळतो ती सहसा स्वतः वाढत नाही, दुभंगत नाही. ती आपल्या पृष्ठभागावरून अँफिरेग्युलिन नावाचे प्रथिन सोडते. ते नलिकेभोवतीच्या आधारपेशींपर्यंत पोचते, त्या पेशी वाढीला चालना देणारी दुसरी प्रथिने तयार करून नलिकेकडे परत पाठवतात, आणि तेव्हा कुठे नलिकेच्या टोकाच्या पेशी दुभंगून नलिका पुढे सरकते. ज्या उंदरांत अँफिरेग्युलिनचे जनुक काढून टाकले, त्यांच्यात इस्ट्रोजेन भरपूर असूनही वयात येताना नलिका वाढल्या नाहीत. तुम्ही कपाशीचा शेंडा खुडता तेव्हा बाजूच्या फांद्यांना जोर येतो, कारण शेंड्याकडून खाली येणारा ‘थांबा’ हा निरोप तुटलेला असतो. निरोप एकीकडे निघतो आणि वाढ दुसरीकडे होते किंवा थांबते, तशीच रचना इथे आहे.

पाळी सुरू झाल्यावर प्रत्येक महिन्याच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोन येते आणि पुन्हा तीच पद्धत. ज्या पेशींत त्याचा रिसेप्टर आहे त्या शेजारच्या पेशींसाठी वेगळा संकेत सोडतात, शेजारच्या वाढतात, नलिकांना बारीक फांद्या फुटतात. पाळीच्या आधी छाती भरल्यासारखी आणि दुखरी वाटते ती याच काळात. गर्भ राहिला नाही की संप्रेरकांची पातळी उतरते आणि नव्याने आलेल्या पेशींपैकी पुष्कळ पेशी मरून जातात. गर्भ राहिला तर दूध येण्यासाठीचे प्रोलॅक्टिन हे हार्मोनही कामाला लागते, दुधाचे कोश तयार होतात, आणि बाळाचे अंगावरचे दूध सुटल्यावर त्यांतील बहुतेक पेशी ठरल्याप्रमाणे नाहीशा होतात. वाढण्याचा हुकूम जितका महत्त्वाचा, तितकाच थांबण्याचा आणि वेळेवर मरण्याचाही. त्यासाठी वेगळे संकेत असतात. शिवाय नलिकेच्या बाहेरच्या बाजूला पेशींचा एक थर आणि त्याच्याही बाहेर प्रथिनांचा एक पातळ पडदा असतो, जो आतल्या पेशींना त्यांची जागा सांगत राहतो. अमेरिकेत बर्कले येथे मिना बिसेल यांच्या गटाने १९९७ साली एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. कॅन्सरच्या पेशी आपल्या भोवतालाशी ज्या प्रथिनाद्वारे बोलतात ते प्रथिन त्यांनी अडवले, आणि जनुकांतील बिघाड तसाच असूनही त्या पेशी प्रयोगशाळेत निरोगी पेशींसारख्या गोल रचना करून शांत बसल्या. पेशी बिघडलेली असली तरी ती भोवतालचे ऐकते, हे त्यातून दिसले. माझ्या मते स्तनाच्या कॅन्सरबद्दल सामान्य वाचकाने जाणून घ्यावे असे यापेक्षा महत्त्वाचे फार थोडे असेल.

तर मग बहिणीच्या शरीरात काय झाले? रिपोर्टवरील ‘ई.आर. पॉझिटिव्ह’ म्हणजे त्यांच्या कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे, आणि ‘पी.आर. पॉझिटिव्ह’ म्हणजे प्रोजेस्टेरॉनचाही आहे. हे रिसेप्टर निरोगी स्तनातही असतात, हे वर आलेच. फरक असा की निरोगी स्तनात निरोप घेणारी पेशी आणि वाढणारी पेशी वेगवेगळ्या असतात, आणि अशा कॅन्सरमध्ये ती एकच होते : जिला इस्ट्रोजेन कळते, तीच स्वतः दुभंगत राहते. शेजारच्यांना विचारण्याची, आधारपेशींचा होकार येण्याची गरज तिला उरत नाही, आणि थांबण्याचे संकेत तिच्यापर्यंत पोचून निष्फळ ठरतात. पुढे ती बाहेरचा पातळ पडदाही ओलांडते, आणि तिथून तो पसरू शकणारा कॅन्सर होतो.

म्हणजे इस्ट्रोजेन हे विष नव्हे. तुमच्या मुलीच्या अंगात ते आले आहे आणि तिच्या पेशी त्याचा निरोप जसा ऐकायला हवा तसाच ऐकत आहेत. ती दुखरी गाठ याचाच पुरावा आहे. बहिणीच्या काही पेशींत मात्र वर्षानुवर्षे दुभंगताना जनुकांत चुका साठत गेल्या आणि त्यामुळे ऐकण्याची ही पद्धत मोडली. पेशी जितक्या जास्त वेळा दुभंगतात तितकी अशा चुकांची संधी वाढते. म्हणूनच पाळी लवकर सुरू झालेल्या, उशिरा बंद झालेल्या किंवा पहिले मूल उशिरा झालेल्या स्त्रियांत धोका थोडा जास्त आढळतो. ब्रिटनमधील जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी १९२६ साली कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांची तुलना करून यांतील काही गोष्टी प्रथम पद्धतशीर मांडल्या. पण हे सरासरीचे हिशोब आहेत. कोणत्या बाईच्या कोणत्या पेशीत चूक होईल हे त्यावरून सांगता येत नाही, म्हणून ‘बहिणीलाच का’ याचे उत्तर तिच्या वागण्यात, खाण्यात किंवा नशिबात शोधत बसू नका. तुम्ही लिहिता तशी गोठ्यात म्हशीची धडक लागल्याने हा आजार होत नाही, आणि मूल दगावल्यावर अंगावरचे दूध आटल्यानेही होत नाही. धडकेनंतर छातीकडे लक्ष जाते आणि आधीपासून असलेली गाठ तेव्हा सापडते, एवढेच. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही, हे तुमच्या सासूबाईंना आवर्जून सांगा.

हाच निरोप अडवता आला तर? ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी तरुणपणी मेंढ्यांच्या दुधाचा अभ्यास केला होता, आणि काही देशांत गाय जास्त काळ दूध देत राहावी म्हणून तिची अंडाशये काढतात हे त्यांच्या कानावर आले होते. स्तनावर अंडाशयाची सत्ता चालते, हे त्यांनी ताडले, आणि पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रियांची अंडाशये काढल्यावर काहींच्या गाठी विरघळल्याचे १८९६ साली प्रसिद्ध केले. तेव्हा इस्ट्रोजेनचे नावही ठाऊक नव्हते. सर्वांच्या गाठी का विरघळत नाहीत, हे पुढे शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी रिसेप्टर शोधल्यावर उलगडले : ज्या गाठीत रिसेप्टर नाही तिला निरोप गेला काय आणि थांबला काय, सारखेच. तुमच्या बहिणीच्या रिपोर्टवरील त्या दोन शब्दांमागे हा एवढा इतिहास आहे.

टॅमॉक्सिफेन १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये गर्भनिरोधक म्हणून तयार झाले, त्या कामात अपयशी ठरले, आणि १९७७ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी मान्य झाले. ते स्तनातील इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते, त्यामुळे इस्ट्रोजेन रक्तात असूनही त्याचा निरोप पेशीला मिळत नाही. ऑपरेशन, केमोथेरपी आणि शेक यांतून निसटलेल्या काही मोजक्या पेशी शरीरात कुठे दडून राहिल्या असतील, तर त्यांना वाढीचा हुकूम मिळू नये म्हणून ही गोळी रोज घ्यायची असते, आणि त्या पेशी वर्षानुवर्षे वाट पाहू शकतात म्हणूनच ती पाच वर्षे घ्यायची असते. जगभरातील अनेक चाचण्यांची एकत्र तपासणी करून निघालेले निष्कर्ष असे की ई.आर. पॉझिटिव्ह स्त्रियांनी ही गोळी सुमारे पाच वर्षे घेतली तर त्या काळात आजार उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्मे होते, आणि पहिल्या पंधरा वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. नागपूरच्या त्या महागड्या, दमवून टाकणाऱ्या उपचारांच्या तुलनेत ही गोळी क्षुल्लक वाटते, म्हणूनच ती सर्वांत आधी सुटते, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

अंगाची आग होणे हा तिचा खरा आणि छळणारा परिणाम आहे. तो सोसण्याचा प्रश्न नव्हे, डॉक्टरांना सांगण्याचा प्रश्न आहे, कारण त्यावर औषध देता येते आणि गोळी घेण्याची वेळ बदलूनही काहींना बरे वाटते. पाळी अनियमित होते किंवा थांबते, पांढरे जाते, हेही अपेक्षित आहे. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि या गोळीने गर्भाला इजा होते. म्हणून तांबी किंवा निरोध वापरावा, गर्भनिरोधक गोळ्या मुळीच घेऊ नयेत, आणि दोन महिन्यांच्या खंडानंतर गोळी पुन्हा सुरू करण्याआधी दिवस गेलेले नाहीत ना याची खात्री करून घ्यावी. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हा सकाळची एसटी येण्याची वाट पाहू नये, त्याच वेळी १०८ ला फोन करावा. झोपेसाठी किंवा उदासीसाठी कोणी औषध लिहून दिले तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आधी सांगावे, कारण काही औषधांनी तिचा परिणाम घटतो. एक गोळी चुकली तर घाबरू नये आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नागपूरला जाणे होत नाही आणि गोळ्या संपतात, हे मी या भागातील अनेक घरांत पाहिले आहे. ही गोळी जेनेरिक स्वरूपात मिळते आणि कॅन्सरच्या औषधांतील सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे. एका वेळी तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करा.

‘हर-टू निगेटिव्ह’ याविषयी थोडक्यात. हर-टू हा पेशीच्या पृष्ठभागावरील वाढीचा आणखी एक रिसेप्टर आहे. काही कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकाच्या अनेक प्रती तयार होतात, पृष्ठभागावर त्याची दाटी होते आणि निरोप आला नाही तरी वाढ सुरू राहते. त्यावर १९९८ पासून ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन वापरात आहे. बहिणीला ते दिले नाही म्हणून उपचारात काही कमी राहिले असे समजू नका. त्यांच्या पेशींत ती दाटी नाही, म्हणून त्याची गरजच नव्हती. ज्यांच्यात हे तिन्ही रिसेप्टर आढळत नाहीत असा एक प्रकारही असतो, भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा जास्त आहे, आणि त्याला ही गोळी लागू पडत नाही. म्हणूनच एका बाईची गोळी पाहून दुसरीने घेऊ नये.

आता रक्ताच्या नात्याविषयी. सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल तर तुमचा स्वतःचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट धरतात. तरीही अशा बहुतेक स्त्रियांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही. सुमारे ५ ते १० टक्के कॅन्सर आई-वडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतात. त्यांतील प्रमुख जनुक १७ व्या गुणसूत्रावर असल्याचे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवले. आज ते बी.आर.सी.ए.-१ म्हणून ओळखले जाते, आणि त्याचे निरोगी काम मोडलेला डी.एन.ए. दुरुस्त करण्याचे आहे. तुमच्या आईकडे तसेच वडिलांकडेही आत्या, आजी, चुलत बहिणी यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, याची चौकशी करा, कारण दोष वडिलांकडूनही येतो. बहीण पन्नाशीच्या आत असल्याने त्यांची जनुक तपासणी करावी का, हे नागपूरच्या डॉक्टरांना विचारणे योग्य ठरेल. तपासणी आधी त्यांची होते. त्यांच्यात दोष सापडला तरच तुमची. मुलीची तपासणी ती १८ वर्षांची होईपर्यंत करायची नसते.

तुम्ही ३६ वर्षांच्या आहात आणि तुमची स्वतःची तपासणी कधीच झालेली नाही, असे पत्रातून दिसते. मुलीच्या आणि बहिणीच्या काळजीत हे राहून गेले आहे. सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी ठरलेली आहे आणि ती आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवल्या जाणाऱ्या उपकेंद्रातही होऊ शकते. नुसत्या हाताने केलेल्या तपासणीने काय होणार, असे वाटू देऊ नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्यामुळे कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. तुम्ही पन्नाशीच्या आत आहात, पण बहिणीमुळे तुम्हाला दरवर्षी तपासणी हवी, आणि सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी कधीपासून करायची हे तिथल्या तज्ज्ञांनी ठरवावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय येथे ही सोय आहे. तपासणीला जाताना बहिणीच्या रिपोर्टची झेरॉक्स बरोबर न्या.

न दुखणारी कडक गाठ, कातडीवर पडलेला खळगा, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, काखेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही. आपल्याकडे ‘दुखत तर नाही’ म्हणून महिनोन्‌महिने जातात. मोठ्या बाईची गाठ दुखत नसेल तर ती अधिक तत्परतेने दाखवावी. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळू नये. मुलीला सुई नको असे मी वर म्हटले ते तिच्या वाढत्या स्तनाला इजा होऊ नये म्हणून. मोठ्या बाईच्या संशयास्पद गाठीत सुईची तपासणी झाल्याशिवाय रिसेप्टर आहे की नाही हे कळतच नाही, आणि ते कळल्याशिवाय नेमका उपचार ठरत नाही.

तुमची धाकटी जाऊ बाळंतीण आहे असे तुम्ही ओघात लिहिले आहे, म्हणून तिच्यासाठी एक गोष्ट. अंगावर पाजण्याने धोका घटतो; ३० देशांतील माहिती एकत्र करून २००२ साली निघालेला निष्कर्ष असा की पाजण्याच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे तो सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो. पण बाळंतपणानंतरची काही वर्षे धोका तात्पुरता थोडा वाढलेलाही असतो, आणि त्या काळातील गाठ हमखास ‘दुधाची गाठ’ म्हणून सोडून दिली जाते. बाळाला पाजून आणि छाती गरम कापडाने शेकून दोन आठवड्यांत जी गाठ जात नाही ती दाखवलीच पाहिजे, आणि सोनोग्राफी दूध पाजत असतानाही करता येते.

मुलीला मात्र तुम्ही स्वतः जवळ घेऊन सांगा. आजीचे ते वाक्य तिने ऐकले असण्याची शक्यता फार आहे, आणि ११ वर्षांची मुलगी अशा वेळी आपल्याला मावशीचाच आजार झाला असे मनाशी धरून गप्प राहते. तुझी छाती आता वाढू लागली आहे, दुसरी बाजूही येईल, काही महिने दुखेल, आणि मावशीच्या आजाराशी याचा संबंध नाही, एवढे चार शब्द पुरेत. तिला मऊ सुती स्लिप आणून द्या, आणि गाठ आहे की गेली हे पाहण्यासाठी ती वरचेवर दाबू नका, कारण दाबल्याने ती अधिक दुखते. तालुक्याच्या त्या दवाखान्यात पुन्हा जाण्याची गरज नाही. मनात शंका राहिलीच तर जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. सासूबाईंनाही त्या वेळी बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांचे उत्तर त्या स्वतः ऐकतील.